वेण्णेचे खोरे आणि आपले कर्तव्य

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



कृष्णा-कोयनेचे नाव सर्वांच्या ओठी असते. त्यांच्याच माहेरी, महाबळेश्वरच्या पठारावर, उगम पावणाऱ्या वेण्णेकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, तर वेण्णा आग्नेयेकडे वळून साताऱ्याची वाट धरते.

पठारावर या प्रवाहाला अडवून 1842 साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधला. पुढे लिंगमळ्याजवळ कड्यावरून झेप घेऊन नदी खोऱ्यात उतरते. एका अंगास हातगेगडची रांग, दुसऱ्या अंगास साताऱ्याची रांग, आणि मधून मेढ्यावरून जाणारी ही नदी सुमारे 64 किलोमीटरांचा प्रवास करून संगम माहुली येथे कृष्णेला मिळते. सुमारे 1,370 मीटर उंचीवरून निघालेले पाणी तेथे पोहोचेपर्यंत निम्म्याहून अधिक खाली आलेले असते.

या प्रवाहाचे खरे भांडार कोठे आहे? पठाराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर आहे. त्याखाली काळा कातळ आहे. पावसाचे पाणी जांभ्यात मुरते, कातळाशी अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडते. झाडांची मुळे आणि पालापाचोळा हे मुरणे सुलभ करतात. उतार उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. पावसाळ्यात नदीला लोंढा येतो आणि चैत्रात झरा आटतो.

मेढा आणि सातारा यांच्या दरम्यान कण्हेर धरण 1986 साली पूर्ण झाले. सुमारे 10 अब्ज घनफूट साठवणक्षमतेच्या या जलाशयाने खालच्या शेतीला मोठा आधार दिला. परंतु पाणी उताराने खाली जाते. माथ्यावरची वाडी वरच राहते. डोळ्यांपुढे जलाशय आणि डोक्यावर घागर, अशी उन्हाळ्यातील स्थिती डोंगरकपारीच्या वाड्यांना नवी नाही. त्यांची भिस्त झऱ्यावरच आहे. आणि उतारावरून वाहून आलेली माती शेवटी जलाशयातच साचते. म्हणजे माथ्याचे नुकसान ते पायथ्याचेही नुकसान होय.

शासनाने 2001 साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. परंतु केवळ अधिसूचनेने झरा वाहत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह गावातील प्रत्येक झऱ्याची नोंद करावी; तो कोणत्या महिन्यात आटतो, हे दरवर्षी लिहून ठेवावे. पंचायतीने ती नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. झऱ्याच्या वरच्या अंगाला वणवा लागू न देणे, समपातळी चर खणणे, ओघळीत दगडी बांध घालणे, ही कामे गावाच्या आवाक्यातील आहेत. अधिकाऱ्यांनी त्यांना तांत्रिक साहाय्य द्यावे.

नदी गावांच्या हद्दी मानत नाही. वरच्या गावाने राखलेला झरा खालच्या गावाची विहीर भरतो. माहुलीच्या संगमावर स्नान करणाऱ्याने लिंगमळ्याच्या माथ्याचे ऋण मानावे आणि माथ्यावरच्या माणसाची तहान आपली मानावी, एवढीच माझी विनंती आहे.