थायरॉईडचा उपचार आणि मुलांचे वजन

मुलाचे वजन वाढू लागले की घरात समाधान पसरते. परंतु एका विकारात हीच वाढ पालकांना व मुलांना अस्वस्थ करते आणि त्यापायी आवश्यक औषधही बंद केले जाण्याचा धोका असतो. तो विकार म्हणजे अवटू ग्रंथीची, अर्थात थायरॉईडची, अतिक्रियाशीलता.

गळ्याच्या पुढील भागातील ही ग्रंथी शरीरातील चयापचयाचा वेग ठरविणारी संप्रेरके निर्माण करते. ती प्रमाणाबाहेर स्रवू लागली की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मूल भरपेट जेवूनही बहुधा रोडावते. नाडी जलद चालते, हात कापतात, अक्षर बिघडते, अभ्यासात चित्त लागत नाही. मुलांमध्ये या विकाराचे प्रमुख कारण ग्रेव्हज् रोग हे होय. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज् यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. मुलग्यांपेक्षा मुलींत तो अधिक आढळतो.

कार्बिमॅझोलसारख्या गोळ्यांनी काही आठवड्यांत संप्रेरकांचे प्रमाण उतरू लागते. शरीरातील उधळपट्टी थांबते. खाण्याची सवय मात्र पूर्वीचीच राहते. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत वजन झपाट्याने वाढते. पुष्कळदा ही आजारात गमावलेल्या वजनाची भरपाई असते. काही मुलांत मात्र वाढ त्यापुढे जाते. औषधाची मात्रा गरजेहून अधिक झाल्यास ग्रंथीचे कार्य मंदावते आणि त्यानेही वजन वाढते. यांतील नेमके कारण रक्ततपासणी व उंची-वजनाच्या नोंदी यांवरूनच ठरते.

म्हणून उपचाराच्या आरंभीच आहाराविषयी सल्ला घ्यावा. हा उपचार बहुधा दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ चालतो. केवळ वजनाच्या धास्तीने तो सोडल्यास विकार पुन्हा उसळतो व हृदयावर ताण येतो. मात्र ताप आणि घसादुखी उद्भवल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; क्वचित या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात.

२०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत गलगंडाचाही समावेश आहे. अशा तपासणीस एकही मूल चुकणार नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. शिक्षकांचे कार्य त्याहून नाजूक आहे. काल ‘काडी’ म्हणून हिणविलेल्या मुलीला आज ‘जाडी’ म्हणणारा वर्ग नकळत तिच्या हातची गोळी हिरावून घेतो. ती थट्टा थांबविणे हाही उपचाराचाच भाग होय.