घोळणा फुटला तेव्हां



नाकाच्या आसपासच्या हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. पडशानें त्यांचीं तोंडें सुजून बंद झालीं, कीं आंत स्राव सांचतो, गाल व कपाळ ठणकूं लागतें. गेल्या हिंवाळ्यांत हा अनुभव मीं घेतला. आणि त्यांत भर म्हणून रोज सकाळीं घोळणा फुटूं लागला.

डॉक्टरांनीं चौथ्याच दिवशीं प्रतिजैविक औषध दिलें व नाकांत मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा दिला. तीन दिवसांनीं रक्ताची तक्रार केली, तेव्हां त्यांनीं अधिक प्रखर असें दुसरें प्रतिजैविक लिहून दिलें. जन्मभर मी मुलांना 'समजलें नाहीं तर विचारा' असें सांगत आलों. स्वतः मात्र चिठ्ठी खिशांत घालून मुकाट्यानें परतलों. त्या रात्रीं उशीवरील रक्त पाहून घरांतील मंडळी घाबरली.

दुसरे दिवशीं तीन प्रश्न कागदावर लिहून मी पुन्हां गेलों. ठणका उतरत असतां दुसरें प्रतिजैविक कशासाठीं? रक्त आजारानें येतें कीं औषधानें? आणि हृदयासाठीं मी रोज ॲस्पिरीन घेतों, त्याचा यांत कांहीं संबंध आहे काय?

पहिल्या प्रश्नास डॉक्टरांच्या कपाळाला आंठी पडली. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांनीं लेखणी खालीं ठेवली. ॲस्पिरीनमुळें रक्त लवकर थांबत नाहीं. तें घेतों हें मीं सांगितलें नव्हतें. त्यांनींहि विचारलें नव्हतें. मग ते म्हणाले, "फवारा कसा मारतां, दाखवा पाहूं." मी तो नेमका मधल्या पडद्यावर मारीत होतों! पडद्याच्या पुढील भागांत बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें असतें व बहुतेक वेळां घोळणा तेथूनच फुटतो. उजव्या हातानें डाव्या नाकपुडींत, कानाच्या दिशेनें फवारा मारावा, म्हणजे पडदा वांचतो.

असलीं बहुतेक दुखणीं विषाणूंचीं असतात व 7 ते 10 दिवसांत आपोआप उतरतात. दहा दिवसांनींहि उतार न पडला, बरें वाटून पुन्हां उलटलें, किंवा आरंभापासूनच तीव्र ताप व वेदना असल्या, तरच प्रतिजैविकाचा विचार करावयाचा. दुसरी चिठ्ठी डॉक्टरांनीं स्वतःच फाडली. ॲस्पिरीन मात्र आपल्या मनानें बंद करूं नका, असें त्यांनीं बजावलें.

घोळणा फुटला कीं आपण मान मागें टाकतों, कांदा हुंगवितों. मान मागें टाकल्यानें रक्त घशांत उतरतें. ताठ बसून पुढें वांकावें, नाकाचा मऊ भाग चिमटींत घट्ट धरावा व घड्याळ लावून 10 ते 15 मिनिटें तोंडानें श्वास घ्यावा. अर्ध्या तासांत रक्त न थांबलें तर रुग्णालय गांठावें. डोळ्याभोंवतीं सूज, अंधुक दिसणें, मान ताठणें, किंवा एकाच नाकपुडींतून वारंवार रक्त येणें, हींहि थांबण्याचीं लक्षणें नव्हेत.

प्रश्न विचारल्यानें डॉक्टरांचा मान कमी झाला नाहीं. हिशेब केला तर चुका दोघांच्याहि निघाल्या, आणि माझी चूक तर मीं विचारलें म्हणूनच मला कळली.