मुलांनी लिहायचे ते कोणासाठी? सेलेस्तँ फ्रेने यांची छापखान्याची शाळा



शालेय लेखनावरच्या या चर्चासत्रात मी फ्रान्समधल्या एका प्राथमिक शिक्षकाविषयी बोलणार आहे, याचे आपल्याला थोडे नवल वाटेल. पण बी.ए.च्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांची उत्तरपत्रिका तपासताना मला हा माणूस वारंवार आठवतो. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध पन्नास मुलांचा जवळजवळ सारखाच येतो. त्यात मोर असतो, मातीचा सुगंध असतो. 'तुमच्या गल्लीविषयी दहा ओळी लिहा' म्हटले की मात्र पेन थांबते. बारा वर्षे शाळेत लिहूनही या मुलांनी कुणाला काही कळवण्यासाठी असे एकदाही लिहिलेले नसते.

सेलेस्तँ फ्रेने यांचा जन्म १८९६चा, दक्षिण फ्रान्समधल्या गार्स नावाच्या डोंगराळ खेड्यातला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली त्यांच्या फुप्फुसाला गोळी लागली. दीर्घ आजारपणानंतर जानेवारी १९२० मध्ये ते बार-सुर-लू या गावी प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झाले. वर्गात तासन्‌तास बोलत राहण्याइतका श्वास त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्या शिक्षणपद्धतीचे मूळ पुष्कळजण या जखमेत शोधतात. मला ते अर्धेच खरे वाटते. जखमी शिक्षक त्या काळी गावोगाव होते. पण मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडणारे किती होते?

फ्रेने बाहेर पडले. दुपारी मुलांसह गावात फिरायचे, विणकर आणि सुतार काम कसे करतात ते पाहायचे, शेतात जायचे, परत येऊन जे पाहिले त्यावर बोलायचे आणि सगळ्यांनी मिळून फळ्यावर मजकूर तयार करायचा. एकदा मुलांनी वर्गात गोगलगायी आणून त्यांची शर्यत लावली. दुसऱ्या एखाद्या मास्तरांनी कान पिळला असता. इथे त्या शर्यतीचाच धडा झाला. पण संध्याकाळी फळा पुसला की धडाही पुसला जाई, आणि पाठ्यपुस्तकातला कुठल्यातरी अनोळखी मुलाचा धडा तेवढा उरे. यावर उपाय म्हणून १९२४च्या सुमारास त्यांनी एक लहानसा हातछापखाना विकत घेतला आणि वर्गात आणून ठेवला.

भाषाशिक्षकांनी हा छापखाना जरा बारकाईने पाहावा. मूल आपला मजकूर वाचून दाखवी. कोणता छापायचा ते वर्ग ठरवी. मग तो फळ्यावर येई आणि सगळे मिळून तो सुधारत. हा शब्द बरोबर आहे का, हे वाक्य नेमके काय सांगते, इथे अनेकवचन हवे की नको, सगळ्याचा विचार होई. त्यानंतर एकेक खिळा उचलून उलट्या क्रमाने जुळवायचा. चूक राहिली तर ती सगळ्या प्रतींवर राहणार! व्याकरणाला विरोध करणारा म्हणून फ्रेने यांच्यावर टीका झाली, पण त्यांच्या वर्गात शुद्धलेखनाचे कारण मुलांना जितके स्पष्ट दिसत असेल तितके आपल्या वर्गांत क्वचितच दिसते. (जाता जाता सांगतो, देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी शेकडो खिळे लागत, आपल्या एखाद्या मास्तरांना हा उद्योग सुचला असता तरी तो परवडला नसता. आज ती अडचण उरलेली नाही.)

छापलेले पान वाचणार कोण, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगुंक गावात रने दानिएल हे शिक्षक होते. त्यांनीही छापखाना घेतला आणि दोन वर्गांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. एकीकडे संत्र्यांची, ऑलिव्हची डोंगरउतरणीवरची शेते. दुसरीकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, अटलांटिक समुद्र. आपल्या गावातली रोजची गोष्ट समोरच्या मुलाला ठाऊक नाही असे लक्षात आले की ती नीट पाहावी लागते, कुणा म्हाताऱ्याला विचारावी लागते, मोजावी लागते. गावाचा अभ्यास हा 'प्रकल्प' म्हणून वहीला चिकटवण्यासाठी होत नव्हता. कोणीतरी पत्राची वाट पाहत होते.

आपल्याला जवळची अशी आणखी एक गोष्ट इथे आहे. ब्रिटनीतल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा ब्रेतों होती. दक्षिणेकडच्या खेड्यांतही घरात प्रोव्हान्सचीच बोली चाले. शाळेत मात्र फक्त फ्रेंच. वर्गात ब्रेतों शब्द तोंडातून निघाला तर मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवून त्याला लाजवण्याची रीत ब्रिटनीत होती. बेळगावच्या, गोव्याच्या, इंदूरच्या शिक्षकांना यावर वेगळे भाष्य नको. घरी एक बोली, रस्त्यावर दुसरी भाषा आणि पुस्तकात तिसरीच मराठी, हा आपल्या मुलांचा रोजचा प्रवास आहे. आणि इंदुरी मुलाने घरातला शब्द निबंधात लिहिला की त्याखाली लाल रेघ ओढणारे आपणच असतो.

फ्रेने यांचे सारे सुरळीत चालले असे नाही. १९२८ मध्ये ते सँ-पोल या गावी बदलून गेले. शाळेच्या अस्वच्छ इमारतीवरून नगराध्यक्षांशी खटके उडाले. १९३२च्या अखेरीस विरोधकांनी मुलांनी छापलेला एक मजकूर भिंतींवर डकवला. तो एका मुलाच्या स्वप्नाचा होता आणि त्या स्वप्नात नगराध्यक्षाला मारले जाते. उजव्या वृत्तपत्रांनी रान उठवले, एप्रिल १९३३ मध्ये शाळेभोवती जमाव जमला. शेवटी फ्रेने यांना सरकारी नोकरी सोडावी लागली. १९३५ मध्ये त्यांनी आणि पत्नी एलीझ यांनी वाँस येथे स्वतःची शाळा उघडली. १९४० मध्ये सरकारने त्यांना छावणीत डांबले. पुढे कम्युनिस्ट पक्षातल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांशीही बिनसले. माणूस हट्टी होता, हे मान्य करायला हरकत नाही. ते १९६६ मध्ये वारले. वाँसची शाळा १९९१ मध्ये शासनाने घेतली, ती अजून चालू आहे.

स्पेनमध्ये याची किंमत याहून जबर पडली. अन्तोनी बेनाइजेस हे कातालान शिक्षक १९३४ मध्ये बुर्गोस प्रांतातल्या बान्युएलोस दे बुरेबा या लहानशा खेड्यात गेले. त्यांनी स्वखर्चाने छापखाना आणला. त्या मुलांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. समुद्र कसा असेल याविषयी ज्याला जे वाटते ते त्याने लिहिले आणि जानेवारी १९३६ मध्ये त्याची पुस्तिका निघाली. उन्हाळ्यात मुलांना समुद्र दाखवीन, असे मास्तरांनी कबूल केले होते. जुलैमध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि त्याच महिन्यात बेनाइजेस यांना गोळ्या घालण्यात आल्या. ती लहानशी पुस्तिका मात्र काही घरांनी जपून ठेवली.

आपल्याकडे याच्या जवळपास कोणी पोचले का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे घ्यावी लागतील. कोसबाडला गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्यांचा फ्रेने यांच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. त्यांची वाट गिजुभाई बधेकांच्या भावनगरहून आलेली. पण मुलांच्या हातचे लेखन दुसऱ्या गावच्या मुलांनी वाचावे, ही गोष्ट आपल्या मराठी शाळांत रुजली नाही. आपण हस्तलिखिते काढतो, ती प्रकाशन समारंभानंतर कपाटात जातात.

म्हणून एक साधी सूचना मांडतो. बेळगावच्या एका पाचवीच्या वर्गाने बडोद्याच्या पाचवीच्या वर्गाला महिन्यातून एक पाकीट पाठवावे. त्यात आपल्या गावचा बाजार, विहीर, जत्रा, आजीचा एखादा शब्द आणि त्याचा अर्थ, जे मुलांना सांगावेसे वाटेल ते असावे. छायाप्रत चालेल, हस्ताक्षरही चालेल. घरची बोली तर हवीच. उत्तर आले नाही म्हणून मुले रुसली तर मास्तरांनी दुसऱ्या मास्तरांना फोन करावा. मध्यंतरात चहाच्या टेबलाजवळ मी एक वही ठेवतो आहे. ज्यांना वर्ग जोडायचा आहे त्यांनी शाळेचे नाव, इयत्ता आणि पटसंख्या तेवढी लिहावी.