खालचे ४० टक्के
(मंडळाच्या मासिक सभेत बेळगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नावर बोला, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. पण १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा पाढा इथे कोणाला पाठ नाही? महाजन आयोगाचा अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, हे आपण एकमेकांना इतक्यांदा सांगितले आहे की आता ऐकणारे उरले नाहीत, सगळे सांगणारेच. म्हणून आज तुम्हाला खडे बाजारातून एक फेरी मारून आणतो.

परवा पुतण्याच्या दुकानाच्या पाटीसाठी आम्ही फ्लेक्सवाल्याकडे बसलो होतो. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्ती कायद्याने पाटीचा ६० टक्के भाग, आणि तोही वरचा, कन्नडला द्यावा लागतो. त्याचा आपल्याला राग आहे आणि तो राहणारच. फ्लेक्सवाल्या पोराने वरचे कन्नड झटकन बसवले आणि विचारले, "काका, खाली इंग्लिशच टाकू की?" पोरगा आपल्याच गल्लीतला, मराठीच बोलत होता. आम्ही त्याला आधी केलेल्या पाट्या दाखवायला सांगितल्या. पाटील, जाधव, मोरे, आडनावे सगळी आपली. वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठीची एक ओळ सापडेपर्यंत आमचा चहा गार झाला.

मंडळी, वरचे ६० टक्के कायद्याने घेतले. खालचे ४० कोणी घेतले? तिथे कोणी पोलीस उभा नव्हता.

बाहेर पडलो तर जिकडे तिकडे हे ४० टक्केच दिसू लागले. रस्त्याकडेला एक आजी पेरू घेऊन बसली होती. "घ्या की ओ साहेब, गोड हाईत," म्हणाली. साहेब आपलेच, आमच्या चांगल्या ओळखीचे. ते म्हणाले, "कैसा दिया?" आजीने लगेच हिंदीत भाव सांगितला. तिला मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी सगळे येते आणि ते चांगलेच आहे. कन्नड तर आपल्यालाही नीट यायला हवे, नाहीतर कचेरीत अर्जासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावे लागते. पण मराठीत हाक आल्यावर हिंदीत ओ देण्याची सक्ती त्या साहेबांना कोणी केली होती?

सकाळी पावणेनऊला आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळेची रिक्षा येते. टाय लावलेली पोरे दाटीवाटीने बसलेली. समोरच मराठी शाळा, आम्ही भावंडे तिथेच शिकलो. रिक्षा तिच्या दारावरून जाते, आणि त्या रिक्षात आमची नात असते. प्रवेशाच्या वेळी सून म्हणाली होती, "मामा, उद्या तिला बेंगळुरात नाहीतर पुण्यात नोकरी करायची. मराठी शाळेत घालून कसं व्हायचं?" काळ्या दिनाच्या फेरीत चालणाऱ्या आम्हाला उत्तर सुचले नाही, हे इथे उभे राहून कबूल करतो. सुनेचे चुकलेच, असेही म्हणवत नाही. पोटाचा प्रश्न खोटा नसतो.

पण शाळेने दिवस घेतला, संध्याकाळ कोणी घेतली? ती आम्ही टीव्हीला देऊन मोकळे झालो होतो. आता दर शनिवारी नातीला घेऊन आम्ही आपल्या १८४८ सालच्या सार्वजनिक वाचनालयात जातो. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरे येतात, जोडाक्षरापाशी अडखळते. एकदा परत येताना तिने विचारले, "आजोबा, हुतात्मा म्हणजे काय? चौकाला असं नाव का?" भर गर्दीत, रिक्षांच्या भोंग्यात, तिला १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार सांगितला. दहा वर्षांची पोर. इतकी वर्षे रोज त्या चौकातून जात होती आणि आम्ही कोणी तिला सांगितले नव्हते.

राहता राहिली पुतण्याची पाटी. तो म्हणतो, गिऱ्हाईक इंग्रजी वाचते. आम्ही म्हणालो, दुकानाचे नाव तुझ्या आजोबांनी मराठीत ठेवले होते. त्यावरून तीन दिवस अबोला होता. काल रात्री उशिरा त्याचा फोन आला.

"काका, खाली 'किराणा व भुसार' लिहायचं, का नुसतं 'किराणा भुसार'?"