घसारा कोणाच्या खात्यावर?

(पवई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पवईच्या तलावापासून अंधेरीचे शहाजीराजे क्रीडासंकुल फार दूर नाही. २०१६ पासून मुंबई सिटी या व्यावसायिक फुटबॉल संघाचे सामने तेथे होत आले आहेत. प्रकाशझोतांत धावणारे तरुण पाहिले की प्रेक्षकाला वाटते, ही मुले नशीबवान; खेळायचे आणि वर पैसेही मिळवायचे! आपल्यापैकी अनेकांची समजूत अशीच असेल. परंतु कामगारांत काम करणाऱ्याने कोणत्याही धंद्याकडे पाहताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. येथे झीज कोणाची होते आणि ती भरून कोण देतो?

कारखान्यात यंत्र बसवले की पहिल्या वर्षापासूनच मालक त्याच्या घसाऱ्याची तरतूद हिशेबात करतो. यंत्र झिजणार, एक दिवस निकामी होणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. फुटबॉलपटूचे यंत्र म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. ते विशी-पंचविशीत ऐन भरात असते आणि पस्तिशीच्या आत बहुधा मोडीत निघते. या यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद मात्र कोणत्याच मालकाच्या वहीत आढळत नाही.

ही झीज कशी होते ते पाहू. नव्वद मिनिटांच्या एका सामन्यात मैदानी खेळाडू सुमारे दहा किलोमीटर धावतो, आणि तेही सरळ रेषेत नव्हे. दर काही क्षणांनी वेग घ्यायचा, थांबायचे, वळायचे, उडी मारायची, अंगावर आलेल्याला खांदा द्यायचा. यात गुडघ्यातील लिगामेंट तुटला तर शस्त्रक्रिया करून मैदानावर परतायला सहा ते नऊ महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. करारच एक-दोन वर्षांचा असेल तर त्यातला केवढा काळ एका दुखापतीत गेला! डोक्याने चेंडू मारण्याचीही किंमत असते. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सर्वसामान्यांच्या साडेतीन पट आढळले.

कधी ही किंमत एकरकमी वसूल होते. गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या मैदानावर फेडरेशन चषकाची अंतिम लढत खेळत होता. संघाचे दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय अवघे पंचवीस. त्यानंतर मैदानावरील वैद्यकीय सोयींबद्दल देशभर बरीच चर्चा झाली. मात्र अशी चर्चा सुरू होण्यासाठी एका तरुणाला प्राण गमवावे लागले, हे विसरता येत नाही.

अन्वर अलीचे उदाहरण वेगळे आहे, आणि अधिक विचार करायला लावणारे आहे. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो खेळला आणि पुढे मुंबई सिटीने त्याला करारबद्ध केले. २०१९ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याच्या हृदयात दोष असल्याचे निदान झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून रोखले, तेव्हा तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे त्याला परवानगी मिळाली, गोव्याच्या संघातून तो खेळला आणि २०२२ मध्ये भारताकडूनही उतरला. त्याचा शेवट गोड झाला याचा आनंदच आहे. परंतु त्या काळात त्याच्यापुढे कोणता पर्याय होता? एकीकडे जिवाचा धोका, दुसरीकडे ज्यावाचून दुसरे काही शिकलो नाही तो धंदा. ज्याला पर्यायी उपजीविकेची हमी नाही, त्याच्या निवडीला स्वतंत्र निवड म्हणणे कठीण आहे.

शरीराची दुखापत निदान दिसते तरी. मनाची दिसत नाही. संघात जागा अकरा आणि दावेदार पंचवीस. आठवडेच्या आठवडे राखीव बाकावर बसायचे, दुखत असले तरी प्रशिक्षकाला सांगायचे नाही, कारण जागा गेली की परत मिळेलच असे नाही. हरल्यावर शिव्या, जिंकल्यावर जयजयकार, आणि करार संपत आला की झोप उडालेली. खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सध्या खेळणाऱ्यांपैकी ३८ टक्के आणि निवृत्तांपैकी ३५ टक्के जणांनी नैराश्याची वा चिंताविकाराची लक्षणे सांगितली. ज्यांना वारंवार गंभीर दुखापती झाल्या त्यांच्यात हे प्रमाण आणखी वाढलेले होते. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने २००९ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा कोठे युरोपातही या विषयावर मोकळेपणाने बोलले जाऊ लागले. आपल्याकडे अजूनही ‘खेळाडूने कणखर असावे’ एवढ्यावर विषय मिटवला जातो.

आता मुंबईचा इतिहास पाहा. रोव्हर्स चषक येथे १८९१ साली सुरू झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचाच खेळाडू. त्या पिढीला फुटबॉलवर पोट भरायचे नव्हते. टाटा, मफतलाल, महिंद्र, कॅलटेक्स, एअर इंडिया, रेल्वे, कस्टम्स यांचे संघ होते. खेळाडू कुपरेजवर खेळे आणि कचेरीत वा कारखान्यात नोकरी करी. गुडघा गेला तरी नोकरी राहत असे. भविष्यनिर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती. त्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. सरावाला वेळ अपुरा पडे आणि खेळाडूची मर्जी साहेबाच्या मर्जीवर टांगलेली असे. परंतु घसाऱ्याची तरतूद तिच्यात होती, हे नाकारता येणार नाही.

ती व्यवस्था मोडली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत, तेथे गिरण्यांचे संघ कोठून राहणार? २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद करण्यात आला. एअर इंडिया २०१३ मध्ये राष्ट्रीय साखळीतून बाहेर गेली. गोव्यात साळगावकर व स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये अंग काढून घेतले. मुंबई एफसी २०१७ मध्ये आणि पुणे सिटी २०१९ मध्ये नाहीसे झाले. आणि २०२५ च्या जुलैमध्ये तर देशाची सर्वोच्च साखळीच व्यापारी हक्कांच्या करारावरून स्थगित झाली. काही संघांनी खेळाडूंचे पगार थांबवले. दोन महिन्यांचा पगार थकला तर रीतसर सूचना देऊन खेळाडूला करार मोडता येतो, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण साखळीच बंद असेल तर करार मोडून त्याने जायचे कोठे?

येथे पवईकरांना काही ओळखीचे वाटेल. साकीनाका-चांदिवलीच्या कारखान्यांतील कायम नोकरी गेली, आणि आज याच परिसरात काचेच्या इमारतींचे पहारेकरी, सफाई कामगार, घरोघर माल पोचवणारी मुले कंत्राटावर राबतात. फुटबॉलपटूचा पगार मोठा असेल, त्याच्या जर्सीवर नाव असेल. परंतु अनिश्चिततेचे स्वरूप एकच आहे. शिवाय मोठा पगार मोजक्यांनाच मिळतो. कोल्हापूरच्या शाहू मैदानावर तालमींच्या सामन्यांना झुंबड उडते. तेथून अनिकेत जाधवसारखा एखादा विश्वचषकाच्या संघापर्यंत पोहोचतो. त्याच्यामागे धावणारी कितीतरी मुले शाळा अर्धवट टाकतात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो?

उपाय अशक्य नाहीत. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंची संघटना १९०७ साली उभी राहिली. खेळाडूच्या वेतनाला तेथे आठवड्याला वीस पौंडांची कमाल मर्यादा होती. खेळाडूंनी संपाची तयारी केली, तेव्हा जानेवारी १९६१ मध्ये ती रद्द झाली. मालकांना उदारता सुचली म्हणून ती गेली नाही. भारतातही २००६ पासून खेळाडूंची संघटना आहे. तिला बळ दिले पाहिजे.

मागण्या साध्या असाव्यात. हंगाम सुरू होण्यापूर्वी पूर्ण हंगामाच्या पगाराची बँक-हमी द्यावी. खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार करार संपल्यानंतरही संघाने करावा. खेळाडूंच्या हस्तांतराच्या आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून ठरावीक हिस्सा कल्याणनिधीत जावा. प्रत्येक सामन्याला डॉक्टर, रुग्णवाहिका आणि हृदय पुन्हा सुरू करणारे यंत्र सक्तीचे असावे. संघात मानसोपचारतज्ज्ञ असावा आणि त्याच्याकडे गेल्याची शिक्षा निवडीच्या वेळी भोगावी लागू नये. अकादमीतील मुलांचे शिक्षण तुटू देऊ नये.

यंत्राच्या घसाऱ्याची सोय करण्यास मालकाला कोणी सांगावे लागत नाही. माणसाच्या घसाऱ्याची सोय संघटनेने करून घ्यावी लागते. गिरणीत ती अशीच करून घेतली गेली. मैदानावरही तशीच करून घ्यावी लागेल. पुढच्या वेळी अंधेरीच्या मैदानाबाहेर झेंडे घेऊन जमलेली तरुण गर्दी दिसली, तर कार्यकर्त्यांनी तिच्याशी बोलायला जावे. आपल्या आवडत्या खेळाडूचा करार कधी संपतो, हे त्या मुलांना पाठ असते. त्यानंतर त्याचे काय होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्याचे काम आपले आहे.