कललेलं झाड तोडताना

पावसाळा तोंडावर आला की वाड्यावाड्यांत झाडांच्या फांद्या छाटायची, वाकलेली झाडं काढायची घाई सुरू होते. कोकणातल्या आपण सगळ्यांनी ३ जून २०२० चं निसर्ग वादळ पाहिलं आहे. त्यात पडलेल्या झाडांचं काय ते लगेच कळलं. पण जी झाडं नुसती कलली, ती नंतर कितीतरी दिवस लोकांच्या डोक्यावर राहिली. आज आम्ही गटातल्या बायका अशा कललेल्या झाडाबद्दलच बोलणार आहोत.

पहिला प्रश्न म्हणजे ते तोडायला हवं का? लहानपणापासून कललेलं झाड खोडाला बाक देऊन पुन्हा वर चढतं आणि त्याची मुळं तो भार पेलायला शिकलेली असतात. ते घाईने तोडू नये. पण झाड अलीकडेच कललं असेल, कललेल्या बाजूच्या मागे जमिनीला भेग पडली असेल किंवा मुळं उचलली असतील, तर धोका आहे. तिथे पोरांना खेळू देऊ नका, गुरंही बांधू नका.

दुसरी गोष्ट परवानगीची. आपल्या राज्यात झाडतोडीचा कायदा १९६४ पासून आहे. आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं आपल्या जागेत असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. झाडाचा फोटो काढा, ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि वनखात्यात विचारा. झाड विजेच्या तारेजवळ असेल तर आधी महावितरणला कळवा. तार बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय कोणी कुऱ्हाड उचलायची नाही.

आता तोडणीकडे येऊ. सरळ झाडाला जसा घाव घालतात, तसाच कललेल्याला घातला तर काय होतं? बांबू चिरताना कोयता एकदा आत गेला की चीर आपोआप पुढे धावते, हे आपण रोज पाहतो. कललेल्या झाडाचंही तसंच आहे. त्याची पाठीची बाजू ताणलेली असते. गड्याने पाठीमागून कापायला सुरुवात केली की निम्म्यावर येण्याआधीच झाड पडू लागतं आणि खोड उभं फाटतं. फाटलेला भाग मागे उसळतो, तोही कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर. पळायला वेळच मिळत नाही.

म्हणून जाणते गडी मशीनच्या करवतीने वेगळ्या पद्धतीने कापतात. समजा खोड २० इंच जाड आहे. झाड जिकडे कललं आहे, तिकडे आधी ४ ते ५ इंच खोल खाच काढायची. मग पाठीमागून न कापता करवतीचं पातं बाजूने खोडात आरपार घालायचं. खाचेच्या मागे २ इंच लाकूड तसंच सोडायचं. ती झाली बिजागरी. झाड तिच्यावरच फिरून खाली येतं. मग मागच्या दिशेने कापत जायचं, पण पाठीला दोन-तीन इंचांचा पट्टा राखायचा. त्या पट्ट्याने झाड धरून ठेवलेलं असतं. सगळे लांब गेले, वाट मोकळी आहे हे पाहिलं, की बाजूला उभं राहून शेवटी तो पट्टा कापायचा. झाड एकदमच जातं, पण फाटत नाही.

पातं आत घालताना करवत झटका देऊन अंगावर येऊ शकते. म्हणून हे काम शिकलेल्या माणसाचंच आहे. झाड घरावर, गोठ्यावर किंवा विहिरीवर कललं असेल तर ही पद्धतही चालत नाही. तिथे वर चढून, दोर बांधून, तुकड्यातुकड्याने उतरवावं लागतं. साध्या करवत-कुऱ्हाडीने काम करायचं असेल तरी तोच मार्ग बरा.

आमच्या वाडीत नळावर कललेल्या आंब्यासाठी दोघांनी दर सांगितले. एक म्हणाला, बुंध्याला घाव घालून अर्ध्या तासात पाडतो. दुसऱ्याने दोर लावून दिवसभराचं काम सांगितलं आणि पैसे दुपटीहून जास्त. गटात वाद झाला. शेवटी एकीने विचारलं, "नळ फुटला तर कोण भरणार? आणि माणूस गेला तर?" मग बाकीच्या गप्प झाल्या. आम्ही गटाच्या पैशातून दुसऱ्यालाच काम दिलं.

करवत आपल्या हातात नसली, तरी ठरवणं आपल्या हातात आहे. गडी आला की त्याला विचारा: खाच कुठे काढणार? बिजागरी किती ठेवणार? पळायची वाट कोणती? ती वाट झाड पडण्याच्या उलट बाजूला, पण सरळ मागे नाही, तिरकी असावी आणि आधीच साफ केलेली असावी. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं कोणी नको. मुळासकट उलथलेलं झाड कापलं की बुंधा झटक्याने परत खड्ड्यात बसतो, म्हणून त्या खड्ड्यात पोर उतरणार नाही, हे आपणच पाहायचं.

जो या प्रश्नांना नीट उत्तर देईल, त्यालाच काम द्या. जो हसून टाळेल, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.