आवाज कुठून येतो?

गाडी जुनी झाली की बोलू लागते, असे म्हणतात. माझी गाडी बोलू लागली तेव्हा मी रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवरूनच ही कबुली देताना संकोच वाटतो, पण घडले ते असे.

मिरजेतल्या आमच्या गल्लीच्या वळणावर स्टीअरिंग फिरवले की बॉनेटखालून कण्हल्यासारखा लांब आवाज यायचा. गाडी दहा वर्षांची, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगची. आठ दिवसांनी रत्नागिरीला, मुलीकडे जायचे होते. वाटेत आंबा घाट. पत्नी शेजारी बसली होती. ती म्हणाली, ''आवाज एक नाही, दोन आहेत. खड्ड्यात गेलो की खालून काहीतरी टक् करतं.'' मी म्हणालो, ''आपले रस्तेच तसे आहेत.''

एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने आवाज ऐकला, मान हलवली आणि 'पूर्ण रॅक बदलावा लागेल' असे सांगितले. खर्चाचा आकडा माझ्या निम्म्या पगाराएवढा होता. मी तसाच परत आलो आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात.

मामांनी हत्याराला हातच लावला नाही. म्हणाले, ''सर, आवाज कधी येतो ते तुम्ही सांगा. काय झालंय ते मी सांगतो.'' मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. गाडी उभी असताना येतो की चालताना? एकाच बाजूला वळताना की दोन्हीकडे? इंजिन बंद केले की थांबतो का? हाताला काही जाणवते का? निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. कवितेत एक मात्रा कमी पडली तर माझ्या कानाला खटकते, आणि नेमकी कुठे पडली ते बोटांवर मोजून मी शोधून काढतो. गाडीच्या बाबतीत मात्र मी कधी मोजलेच नव्हते.

चहा घेता घेता मामांनी आवाजांची बाराखडी सांगितली. स्टीअरिंग फिरवताना घूं होते आणि रेस वाढवली की चढते, तर पंपाकडे बघायचे. बहुधा तेल कमी झालेले असते किंवा त्यात हवा शिरलेली असते. सकाळी गाडी सुरू करून वळवताच किंचाळते, तर पट्टा ढिला किंवा झिजलेला. पूर्ण वळवून चालवताना टकटकटक असा ताल धरते, तर तो स्टीअरिंगचा दोष नव्हे. चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा गेलेला असतो. त्यावरचे रबर फाटून ग्रीस उडून गेलेले दिसते. उभ्या गाडीत चाक वळवताना वरून कुरकुर आली, तर शॉकअबसॉर्बरच्या माथ्यावरचे बेअरिंग. खुद्द स्टीअरिंगच्या चाकात खसखस झाली, तर आतली तारेची गुंडाळी. तिच्यालगत एअरबॅग असते, म्हणून घरी उघडण्याचा उद्योग करायचा नाही. स्टीअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर क्षणभर आवाज आला तर घाबरायचे नाही. पण तसेच दाबून धरायचेही नाही, पंप तापतो. आणि मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये हे तेल नसतेच, तेव्हा तिथे बाटली शोधत बसू नये.

मग मामांनी बॉनेट उघडले. तेलाची पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती आणि वर फेस होता. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीची पट्टी ढिली झाली होती. तिथून तेल झिरपत होते आणि हवा आत जात होती. कण्हण्याचे कारण एवढेच. नवी पट्टी बसवली, झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच तेल भरले, पुढची चाके उचलून स्टीअरिंग सावकाश इकडून तिकडे फिरवले आणि हवा काढली. आवाज थांबला.

मी पाकीट काढले. मामा म्हणाले, ''ताई दोन आवाज म्हणाल्या होत्या ना?''

चाके उचललेलीच होती. गाडी लोखंडी स्टँडवर टेकवली होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर मामा कधी खाली शिरत नाहीत. त्यांनी पुढचे डावे चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरले आणि हलवले. बारीक 'टक्' ऐकू आले. मग इंजिन बंद ठेवून मुलाला स्टीअरिंग जरा जरा हलवायला सांगितले आणि मला म्हणाले, ''या खाली. इथं हात ठेवा.'' मी हात ठेवला. टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यात तो ठोका माझ्या बोटांना लागला. त्यावरचे रबर फाटले होते. धूळ-पाणी जाऊन आतली गोळी वाटीत खुळखुळत होती.

''हा निसटला तर?'' मी विचारले.

''स्टीअरिंग तुमच्या हातात राहील, चाक राहणार नाही,'' मामा म्हणाले.

मला आंबा घाटातली वळणे आठवली. मागच्या सीटवर बसणारी नातवंडे आठवली.

हा सांधा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. जुना किती आट्यांनी निघाला ते मोजून मामांनी नवा तेवढ्याच आट्यांवर बसवला, आणि तरीही व्हील अलाइनमेंट करून घ्यायला बजावले. सगळा खर्च रॅकच्या आकड्याच्या पासंगालाही पुरला नसता.

मोठा आवाज किरकोळ होता, बारीक आवाज जिवावरचा होता. गॅरेजवाल्याने मोठा ऐकला, मी दोन्ही झाकले. ऐकले ते एकट्या पत्नीने, आणि तिचे मी ऐकले नाही.

आता आठवड्यातून एकदा मी काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून गाडी चालवतो. तुम्हीही चालवून पाहा. तेवढा वेळ आमचा कार्यक्रम ऐकला नाहीत तरी चालेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)